जपानची पोरगी काय म्हणली

माझ्या नातीचं लगीन म्या माझ्या धाकट्या भावाच्या नातवासंगं ठरवलं हुतं. ठरवलं म्हंजी काय, नळदुर्गाच्या अलीकडं त्याचं गाव हाय, तिथं त्याच्या दारात पाच माणसांम्होरं म्या शब्द दिला. "माझी नात तुझ्या घरात." संपलं. आमच्यात शब्द दिला की निस्ती सुपारी फोडायची ऱ्हाती, आन् ती अकितीच्या, म्हंजी अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी फोडायची ठरली. नातीला कुणी इचारलं न्हाय. मला बी कवा कुणी इचारलं न्हवतं, म्हणून इचारायचं आसतंय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

पोरगी बारावीचे पेपर देऊन घरी बसली हुती. अठरा पुरी झालेली. सोलापूरला नर्सिंगला जायचं तिच्या मनात हुतं, आन् हे घरात सगळ्यांला ठाऊक हुतं, मला सोडून. सुनंनं तिला दम भरला हुता, "आत्याबाईंनी शब्द दिलाय. त्यांच्याम्होरं तोंड उघडायचं न्हाय." माझा पोरगा तर पन्नाशीला आला तरी माझ्याम्होरं बिडी वडत न्हाय, त्यो काय बोलतोय.

हे सगळं मला मागनं कळलं. तवा मला एवढंच दिसत हुतं की पोरगी दिसभर मोबाईलात डोकं घालून बसती.

"काय बघायलीस गं एवढं?"

"कार्टून हाय आज्जी. जपानचं. तुला न्हाय कळायचं."

मला न्हाय कळायचं म्हणलं की माझं टकुरं फिरतंय. दुपारची येळ हुती, बाहेर ऊन मरणाचं, म्या सोप्यात वाकळ शिवत बसले हुते. म्हणलं, "सांग तर. न्हाय कळलं तर तुझं खरं."

मग तिनं सांगितलं. तिकडं खेळ खेळणारी पोरं असतेत. घाण्याच्या बैलाला झापडं बांधतेत तसलं कायतरी डोळ्याला लावायचं आन् गादीवर पडायचं. पडलं की खेळाच्या आत. तिथं डोंगर, नदी, राक्षस, सगळं खऱ्यागत. पळायचं, लढायचं, मार खायचा.

"आन् आंग कुठं ऱ्हातंय?"

"हिकडंच. झोपल्यागत."

"म्हंजी आंगात येतंय त्याच्या उलटं म्हण की."

पोरगी माझ्याकडं बघायलाच लागली. म्या म्हणलं, "आपल्या गल्लीत दर मंगळवारी येतंय की एकीच्या. बाहेरचं आत येतंय. ह्यांचं आतलं बाहेर जातंय. त्यात काय न कळण्यासारखं?"

तिथनं माझी भरती झाली. रोज दुपारी सून रानात गेली की आमी दोघी सोप्यात. मी वाकळ शिवायची, फोन उशीला टेकवून ठिवायचा. बोलणं सगळं जपानी. खाली विंग्रजी अक्षरं पळायची. मी दुसरीपतोर शिकलेली, मला मराठी अक्षरं बी थांबून-थांबून वाचावी लागतेत, आन् ती तर पळती अक्षरं. नात वाचायची आन् मला आपल्या बोलीत सांगायची.

गोष्ट अशी हुती. त्यो खेळ आता कायमचा बंद पडणार हुता. बंद पडायच्या आत त्या मुलखाच्या पार टोकाला जायचं, जिथं आजून कुणीच गेलेलं न्हाय. पाच जण निघालेत. एक दाढीवाला, दोन भाऊ, एक तिरंदाज, आन् एक पोरगी. पोरीच्या हातात तलवार न्हाय. ती जखमा बऱ्या करती. कुणाला लागलं की तळवा ठिवायचा, उजेड पडायचा, गडी उभा.

डोळे सगळ्यांचे वाटीएवढे, नाक नुसतं टिंब. त्या पोरीचे केस निळे.

"ह्यांला तेल कोण लावतंय?"

"आज्जी, केस तसलेच असतेत तिचे."

"मग उवा बी निळ्याच असतील."

सगळ्यात मला आवडली ती डोक्यावरची पट्टी. तिथं हरेक माणसाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असती. मार बसला की कमी होती. पिवळी पडती, मग तांबडी. तांबडी संपली की माणूस खेळातनं बाद. म्या म्हणलं, ही पट्टी आमच्या येळंला पायजे हुती.

माझा नवरा गेला तवा थोरला पाच वर्साचा, धाकटा पोटात, आन् दारात मेंढरं. पाऊस न्हाय. मेंढरं घेऊन मी रानोमाळ फिरायची, जिथं हिरवं दिसंल तिथं. एक दिस बाभळीखाली बसले ती उठायलाच येईना. डोक्यावर पट्टी असती तर लांबनं दिसली असती लोकांला, तांबडीभडक. पट्टी न्हवती, म्हणून लोक म्हणले, बाई आळशी हाय.

नात हसली. मग म्हणली, "आन् तुला कुणी बरं केलं?"

"तुझ्या बापाच्या मामानं. कोण करतंय दुसरं."

मग म्या तिला सांगितलं. माझा भाऊ सायकलीवर जवारीचं पोतं बांधून आला हुता. मिसरूड फुटत हुतं त्याला. पोतं ठिवून जाईल म्हणलं, तर गडी चार महिने ऱ्हायला. मेंढरं त्यानं राखली. माझं बाळंतपण झालं, बारसं झालं, तवा गेला. त्याचं सोताचं रान तसंच पडून ऱ्हायलं त्या साली.

पोरीनं फोन पालथा ठिवला. मला वाटलं, गहिवरली. आता कळतंय, ती मनात म्हणत असंल की हिला आता न्हाय कसं म्हणू.

चार-पाच दिवसांनी त्या निळ्या केसाच्या पोरीचं बोलणं वाढलं.

आधी ती येवढं-तेवढं बोलायची. आता एकदा काय झालं, तीन तोंडाचा रेडा आंगावर आला. धूळ उडायली, दाढीवाला पडला, आन् ही पोरगी हात वर करून काहीतरी वरडली. एवढुसंच. नात मला सांगती, "ती म्हणती, मला लोकांच्या जखमा बांधायच्यात, त्याचंच शिक्षण घ्यायचंय, पण घरातल्या मोठ्या माणसांनी माझं दुसरंच ठरवलंय."

म्या सुई थांबवली. "आगं, रेडा आंगावर आलाय आन् ही घरचं काय सांगत बसलीय?"

"जपानात तसंच असतंय आज्जी."

असंल बाबा. जपान काय म्या बघितलेलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी दाढीवाला तिला म्हणला म्हणं, "जायची तारीख जवळ आलीय, सांगून टाक की घरी." आन् ती म्हणली म्हणं, "कुणाला सांगू? आज्जीला?"

"तिला बी आज्जी हाय?"

"हाय की. लई कडक."

"कडक म्हंजी?"

"म्हंजी चांगलीय. पण कडक."

"मग दाखवत का न्हाईत तिला?"

नात जरा अडखळली. "पुढं येणार हाय."

मी त्या आज्जीची वाट बघू लागले. तिचे केस कसले असतील, ती बी झापडं लावून खेळात येती का काय. नळावर बायांला बी सांगितलं, की आता आज्जी येणार हाय, कडक हाय. बाया म्हणल्या, "तुमच्यासारखीच म्हणा की." म्या म्हणलं, "माझ्यासारखी जपानात कशाला असंल."

आज्जी काय यायना. रोज नुस्तं तिचं नाव निघायचं.

एक दिस मायलेकी बेंबळीच्या बाजाराला गेल्या. फोनाचं चार्जिंग संपलं हुतं म्हणून पोरगी त्यो घरीच लावून गेली. मी एकटी. वाकळ घेतली, ठिवली. पुन्हा घेतली. आज्जी येती का न्हाय हे बघितल्याबिगर मला काय सुचंना. फोनाच्या कुलपाची रेघ कशी वढायची ते म्या बघून ठिवलं हुतं. वढली. चित्रावर दाबलं. पुढं कुठं बोट लागलं ठाऊक न्हाय, पण ती निळ्या केसाची पोरगी येकदम हिंदी बोलायला लागली.

आता हिंदी मला येती. मेंढरं घ्यायला हैद्राबादकडचे खाटीक यायचे, त्यांच्यासंगं घासाघीस करण्यात माझी उमर गेली. "चाची, जरा तो कम करो," म्हणायचे, आन् मी एक पैसा सोडत न्हवते, हिंदीतनंच.

रेड्याचाच भाग हुता. रेडा आला, धूळ उडाली, दाढीवाला पडला, पोरीनं हात वर केला आन् वरडली, "पीछे हटो!"

एवढंच. शिक्षण न्हाय, घरची माणसं न्हाईत.

म्या म्होरचा भाग लावला. दाढीवाला म्हणला, "दवा कितनी बची है?" ती म्हणली, "दो शीशी." जायची तारीख कुठाय? सांगून टाक कुठाय? आणखी दोन भाग बघितले. आज्जी कुठंच न्हवती.

फोन हुता तसा लावून ठिवला. पयला राग आला. माझ्याच सोप्यात बसून मला येड्यात काढती म्हंजी काय! मग जपानात तसंच असतंय ते आठवलं आन् हसू आलं. वाकळंत तोंड घालून हसले. मग हसू बी गेलं. कारण ती कडक आज्जी कोण ते आता कळलं हुतं. शब्द दिलेला हुता, आन् अकिती आठवड्यावर आली हुती.

सांजच्याला दोघी माघारी आल्या. सून म्हणली, "आत्याबाई, बरं न्हाय का?" म्या म्हणलं, "पट्टी पिवळी झालीय जरा." तिला काय कळलं न्हाय.

दुसऱ्या दुपारी नातीनं फोन उशीला टेकवला. ती पोरगी तळ्याकाठी एकटी बसली हुती. तोंड मिटलेलं.

"काय म्हणती?"

"काय न्हाय आज्जी. गप बसलीय."

"तिला इचार, पोरगा वाईट हाय का?"

नात दचकली. "कुठला पोरगा?"

"तिच्या घरच्यांनी बघितलेला."

"आज्जी, ती मोबाईलात हाय. तिला कसं इचारायचं?"

"तू इचार. सांगती ती. आजपतोर सांगतच आलीय की."

पोरीचं तोंड पडलं. माझ्याकडं बघंना. मी आपली टाका घालत बसले, टाक्याकडंच बघत. फोनात चित्र चाललेलंच हुतं. तिकडंच बघत नात बारीक आवाजात बोलली.

"ती म्हणती, पोरगा वाईट न्हाय. ट्रॅक्टर चालवतोय. व्यसन न्हाय काय न्हाय."

"मग?"

"ती म्हणती, वाईट असता तर सोपं हुतं."

"आन् शिक्षण लगीन करून होत न्हाय का? तिकडची माणसं काय न्हाय म्हणली न्हाईत."

"ती म्हणती, तिच्या दोघी मैत्रिणींला बी तिकडच्या माणसांनी असंच सांगितलं हुतं. एकीचं लेकरू आता रांगतंय. दुसरी ऊस तोडाय गेलीय."

टाका वाकडा गेला, उसवला.

"तिला म्हणावं, शब्द दिलाय. ज्यानं तिच्या आज्जीला जगवलं त्याला दिलाय. त्यो काय रस्त्यावरचा माणूस न्हाय."

"ती म्हणती..." पोरीनं नाक वढलं. "ती म्हणती, ते तिला ठाऊक हाय. म्हणून तर ती रेड्याला भ्याली न्हाय आन् आज्जीला भ्याली."

आता आली का पंचाईत. मला कुणी भितंय हे ऐकून बरं वाटाय पायजे, मी जन्मभर त्याच्याच तर जोरावर जगले. एकट्या बाईला कुणी भ्यालं न्हाय तर तिची मेंढरं ऱ्हात न्हाईत. पण ही माझी नात, हिला मेंढरं चोरायची न्हवती.

म्या सुई वाकळंत टोचून ठिवली. म्हणलं, "तिला म्हणावं, तिची आज्जी उद्या सकाळच्या एस्टीनं जाणार हाय. आन् पुन्हा कवा काय सांगायचं झालं तर नीट मराठीत सांग म्हणावं."

सुनंनं ऐकलं आन् तोंडाला पदर लावला. "आत्याबाई, माणसं काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते ऐकून येते की."

भाऊ वट्यावर बसला हुता. मला बघून उठला, "अक्का! आगं कळवायचं तरी, स्टँडावर आलो असतो." भावजयीनं पाणी दिलं. मी पाणी पिले न्हाय, तांब्या खाली ठिवला. त्याला तेवढ्यावरनंच कळलं असंल कायतरी. म्या सांगितलं. त्यानं शेवटपतोर ऐकून घेतलं. मग म्हणला, "मला एकट्याला सांगू नको अक्का. शब्द पाच जणांत दिलास, पाच जणांत माघारी घे."

खरं हुतं त्याचं. रीत तीच हाय. त्यानं माणसं बोलावली. चार आली. पाचवा पुण्याला पोराकडं गेलेला. त्याच्याबिगर पाच होत न्हवते, म्हणून त्याला फोन लावला आन् फोन वट्यावर मधी ठिवला, आवाज मोठा करून. मी खाली घोंगड्यावर बसले.

एक जण म्हणला, "अक्का, तुमी जाणत्या हाव. कारण काय ते तर कळू द्या."

"पोरगी न्हाय म्हणली."

"कवा म्हणली? शब्द देऊन दोन महिने झाले."

"सोळा दिस झालं म्हणायलीय. मला उशिरा कळलं."

"एकाच घरात ऱ्हाता आन् उशिरा कसं कळलं?"

"जपानीत सांगायली हुती."

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. फोनातला म्हातारा वरडला, "काय? पोरगी जपानला दिली का काय?"

भाऊ म्हणला, "न्हाय ओ तात्या, कुठं दिली न्हाय."

"मग शिकायची हाय का तिला?"

म्या फोनाकडं तोंड करून सांगितलं, "व्हय. सोलापूरला. नर्सिंगला."

"मग शिकू द्या की," फोनातला म्हणला. "हिकडं दवाखान्यात पोरी हायेत नर्स, माझं बीपी बघतेत." त्याला लांब बसून बोलायला काय जातंय. हितं माझ्या भावाची मान खाली हुती. त्यो उठत म्हणला, "झालं. घेतला शब्द माघारी," आन् आत गेला.

भावजय दारातनं म्हणली, "आमच्या जवारीची चव गेली आता, म्हणा."

मी ऐकून घेतलं. तिनं त्या चार महिन्यांचं कायच म्हणलं न्हाय, नुस्तं जवारीचं म्हणली, म्हंजी ती बी हात राखूनच बोलली. दर येळी भाऊ माझी पिशवी घेऊन स्टँडापतोर यायचा. त्या दिवशी पिशवी माझी म्या घेतली.

अकिती गेली. पोरीचा नंबर लागला, सोलापूरला गेली. पंचमी आली, भाऊ न्यायला आला न्हाय. सत्तरीच्या बाईला न्यायचं काय असतंय म्हणा, पण येत हुता. मी वट्यावर बसले हुते, उगं हवा घ्यायला. दिवाळी आली, भाऊबीज आली. म्या ओवाळायचं ताट केलं आन् पोराला म्हणलं, तूच बस, तुला बी ओवाळाय बहीण न्हाय. त्याला ओवाळून ताट मोडलं. नातीचा फोन आला, म्हणली, "आज्जी, मामाआज्जा आले का?" म्या म्हणलं, "येतील की. तू तुझी पट्टी बघ, जेवलीस का?"

तुळशीची लग्नं झाली आन् त्याच्या नातवाचं लगीन निघालं. लोहारा गावाकडची पोरगी केली. पत्रिका भाचा घेऊन आला, भाऊ न्हाय. सून म्हणली, "कशाला जाता आत्याबाई, अपमान करून घ्यायला?" मी गेले. माझ्या भावाच्या नातवाचं लगीन हुतं.

आमच्यात घरच्या लग्नात भावानं बहिणीला आहेर सोताच्या हातानं द्यायचा असतोय. मला त्यानं त्याच्या सुनंच्या हातनं पाठवला. बायकांच्या खोलीत म्या घडी मोडली, तर लुगडं न्हवतंच. सहावारी पातळ हुतं. जन्मभर मी नऊवारीशिवाय काय नेसले न्हाय हे त्याला ठाऊक न्हाय का? त्यानंच तर आणलीत माझी निम्मी लुगडी. शेजारची म्हातारी म्हणली, "सुनंला द्या जाऊन, तुमच्या काय कामाचं."

म्या म्हणलं, "मला आलंय, मीच नेसणार." दोघी पोरीसोरींनी मिळून मला ते नेसवलं. निऱ्या घातल्या, पिना टोचल्या. कासोटा न्हाय काय न्हाय, मोकळं-मोकळं वाटाय लागलं, पोत्यात पाय घालून उभं राहिल्यागत. पोरी तोंड दाबून हसायल्या. तशीच मी मांडवात निघाले. भाऊ पार तिकडच्या टोकाला, पाव्हण्यांला फेटे बांधत उभा. मधी सगळी पंगत. पाऊल टाकलं की निरी पायात, निरी धरली की पदर खाली. बायका बघायल्या, वाढपी बादल्या धरून थांबले. त्याच्यापासनं दोन हात ऱ्हायले आन् माझा पाय अडकला.

त्यानं फेटा सोडला आन् माझा दंड धरला. "अक्का, पडशील!"

"मग नऊवारी द्यायचं हुतंस."

त्यो दुसरीकडं बघत म्हणला, "गप चल. माणसं बघायलीत. जेवायला बस आधी."